दिवेलागणीनंतरचं विरजण

मोहिले साहेब आमच्या अंगणातल्या खळ्यात येऊन उभे राहिले तेव्हा मी तुळशीपुढे दिवा लावत होते. गाडीचं दार आपटलेलं ऐकू आलं, मग बुटांचा आवाज आला, तरी मी वळले नाही. वात सरळ केली, मुद्दाम वाकडी केली, परत सरळ केली. नको असलेल्या माणसाला उभं ठेवायचं तर देवाचं काम फार उपयोगी पडतं.

"आजी, शलाका आहे का घरात?"

तेव्हा वळले. केस काळेभोर, पण कानामागे रंग लावणाऱ्याचा हात चुकलेला. हातात निळी थंड पेटी, आपल्याकडे आइस्क्रीमवाले आणतात तसली.

"आजी कोणाक म्हणतास? तुमच्यापेक्षा ल्हानच आसंय मी."

ते हसले. मी हसले नाही.

"एक छोटंसं काम होतं. तिच्याकडे एक बाटली आहे. तशी आमच्या लॅबचीच. ती न्यायला आलो होतो."

"बाटली? माझो घोव गेल्यापासून ह्या घरात बाटली येवक नाय."

"तसली नव्हे हो. तिच्या कामाची."

कुठली बाटली ते मला पक्कं ठाऊक होतं. घर आणि बंदर यांच्या मध्ये आमचा बर्फाचा कारखाना, त्याच्यामागे कोळंबी ठेवायची थंड खोली आहे, तिच्या कोपऱ्यात ती काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. पण या माणसाने माझ्या दारात येऊन काहीतरी मागावं, याची मी माघापासून वाट बघत होते. आता चैत्र लागला होता. इतक्या लवकर हातचं कोण सोडील?

शलाका माझी सून. घाटावरची. माझ्या लेकाची, रमाकांताची होडी भाड्याने घेऊन समुद्राचं पाणी भरायला आली ती. पाणी भरता भरता माझा झीलही भरून घेऊन गेली. दिसायला बारीक, बोलायला त्याहून बारीक. कोणी पायावर पाय दिला तर "सॉरी" म्हणून आपलाच पाय काढून घेणारी. मी तिला पातळ ताक म्हणायचे, तोंडावर. ती हसायची. सुरमई केली की शेपटीकडचा तुकडा मी तिच्या ताटात वाढायची. मधला तुकडा माझा, सासू गेल्यापासूनचा. शेपटीच्या तुकड्यात काटे फार, पण तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. मला त्याचाही राग यायचा. भांडणाला समोरून काहीतरी आलं तर भांडायला मजा.

शहरातल्या समुद्राच्या संस्थेत ती मोहिल्यांच्या हाताखाली कामाला होती. मोठ्या जहाजावर जाऊन, उजेडसुद्धा पोचत नाही अशा खोलीवरचा चिखल तिने आणला होता आणि त्या चिखलातले डोळ्यांना न दिसणारे जीव बाटलीत वाढवत होती. बाकीच्यांनी वाढवायला घेतले की ते मरायचे. हिच्याकडे जगले. का, तर ही थांबायची म्हणून. महिनोन् महिने अंधार, गारठा आणि थोडंसंच खाणं. जास्त दिलं की ते मरतात, म्हणायची. त्यांना उपासाची सवय आहे.

मला हे सगळं नीट कधी कळलं? माघ संपताना बाळंतपणाच्या रजेवर आली आणि ती बाटली सोबत घेऊन आली तेव्हा. कोळंबीची पेटी काढायला मी थंड खोलीत गेले आणि बघते तर कोपऱ्यात काळ्या फडक्यात बांधलेली बाटली! कोणीतरी करणी केली, कारखाना बसणार. आरडाओरडा करून अख्खं घर गोळा केलं. शलाका नवव्या महिन्याचं पोट सांभाळत धावत आली.

"आई, माझी आहे ती. उजेड लागू नये म्हणून फडकं बांधलंय."

"काय आसा तेच्यात?"

"विरजण समजा. थोडं जुनं घ्यायचं, नव्या पाण्यात टाकायचं, वाढतं."

"आणि वाढान करता काय?"

तेव्हा तिने तिथेच पेटीवर बसून मला सांगितलं. समुद्रात जे मरतं ते सगळं खाली जातं. मासे, शेवाळ, सगळ्यांची घाण. ती कुजते. मुतारीत नाकाला झोंबतं ना, तसलं काहीतरी त्यातून सुटतं. ते खाणारे एक जीव. पण ते खाऊन त्यांच्याकडून जे बाहेर पडतं, ते विष. ते विष खाणारे दुसरे जीव. त्यांच्याकडून मात्र खत निघतं. पावसाच्या सुमाराला तळाचं पाणी वर येतं, त्याच्याबरोबर ते खत वर येतं. मग शेवाळ वाढतं, शेवाळावर तारली, बांगडे. "तुमचा कारखाना त्यांच्यावर चालतो, आई," ती म्हणाली.

"आणि ते दुसरे नसले तर?"

"तर पहिले आपल्याच विषात बुडून मरतात. हळूहळू."

"म्हणजे सासू-सुनेसारख्या झाला. ह्यातली सासू खंयची?"

ती हसली. त्या दिवसापासून थंड खोलीची किल्ली मी माझ्या कमरेला लावली. कोणाचा हात चुकून लागायला नको.

आता मोहिल्यांनी काय केलं होतं ते सांगते, म्हणजे मी वात वाकडी का केली ते कळेल.

माघात आमच्या शाळेत समुद्रावर कार्यक्रम होता. शलाकानेच साहेबांना बोलावलं. मी अख्ख्या वाडीतल्या बायका गोळा केल्या, मोरपिशी नवं लुगडं नेसले, पुढल्या रांगेत बसले. आता साहेब सांगतील, ह्या गावच्या सुनेने कोणाला जमलं नाही ते केलं. साहेब उठले, माइक हातात घेतला, बराच वेळ आपल्याबद्दल बोलले. बाटलीतल्या जिवांबद्दल बोलले ते 'मी' आणि 'मी'. शेवटी आमच्याकडे बघून म्हणाले, "आणि हो, या गावच्या सूनबाई आमच्याकडे असतात बरं का. बाटल्या फार स्वच्छ धुतात!"

सभागृह हसलं. मुलं हसली, मास्तर हसले. माझ्या शेजारी शेवंती बसली होती, मासे विकायला माझ्या समोरच बसते ती. तिने कोपराने ढोसलं. "काय गो द्वारके, सून मोठी शास्त्रज्ञ म्हणत होतंस मा? ती तर भांडीवाली!"

शलाका स्टेजवर खुर्चीत बसली होती, पोटावर हात ठेवून. ती सुद्धा हसली. थोडंसं.

मी घरी येऊन लुगडं ट्रंकेत टाकलं ते परत काढलं नाही. त्यानंतर बंदरावर लिलावाला उभी राहिले की मागून आवाज यायचा, "बाटलेवालीची सासू इली, वाट सोडा!" या बंदरावर माझ्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती, तिथे हे. मग नात झाली, आणि तिच्या बारशाच्या आठवड्यात शास्त्राच्या कुठल्याशा मोठ्या मासिकात मोहिल्यांचं नाव छापून आलं. त्यांचं एकट्याचं. रमाकांताने मोबाइलवर दाखवलं. शलाकाने बघितलं, फोन परत दिला आणि मुलीला पाजायला घेतलं.

असा हा माणूस तुळशीपुढे उभा होता.

शलाका बाहेर आली. खांद्यावर नात, ढेकर काढायला घेतलेली.

"सर, तुम्ही? इतक्या लांब?"

"शलाका, बरं झालं भेटलीस. अगं, कल्चर बसलंय."

"बसला म्हणजे?" मी विचारलं.

"मेलं, आई," शलाका म्हणाली. आणि साहेबांना, "सगळ्या बाटल्या?"

"सगळ्या. एक नाही राहिली. आधी पाणी गढूळ दिसायचं बंद झालं, मग मोजलं तर काही नाहीच. उद्या दुपारी दिल्लीची मंडळी जिवंत कल्चर बघायला येतायत. परदेशातला एक माणूस आहे. पुढची पाच वर्षं त्यांच्या हातात आहेत."

ती नुसती मुलीची पाठ थोपटत राहिली. तोंडावर ना आनंद ना आश्चर्य. मला वाटलं, ही बाई लाकडाची आहे. मी असते तर पेढे वाटले असते.

"तुझ्याकडे ती एक बाटली आहे ना? लॅबमधली मुलं म्हणाली, घरी नेलीस. मिश्र होती ती. मी तुला जी टाकून..."

"भेसळ, सर. तुम्ही भेसळ म्हणाला होतात."

"हो, म्हणजे, त्या वेळी आपल्याला शुद्ध हवं होतं. जाऊ दे ते. ती दे मला आता. तुझी मुदतवाढ मी बघतो. या महिन्यात संपतेय ना तुझी नेमणूक?"

शलाकाने माझ्याकडे बघितलं. माझ्या कमरेच्या किल्लीकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता पातळ ताक सांडणार. मी मध्ये पडले.

"दिवो लागलो."

"काय?"

"तिनसांज झाली. दिवो लागल्यार आमच्या घरातसून विरजण भायर जाणा नाय. मीठ नाय, दूध नाय, विरजण नाय. लक्ष्मी जाता."

साहेबांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे बघितलं, जसं काही मी लहान मूल आहे. "अहो बाई, हे दही नाही."

"थोडा जुना घेवन नव्यात घातल्यार वाढता मा? मगे तेका तुमच्यात काय म्हणतत ता माका ठावक नाय. आमच्यात विरजण म्हणतत."

"शलाका, तू तरी सांग त्यांना. तू शिकलेली आहेस!"

शलाकाने नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "घर आईंचं आहे, सर. बर्फही त्यांचाच आहे."

साहेबांचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, "पाकीट खिशात ऱ्हवांदे. सकाळी बंदरार येवा. होड्ये लागतत तेव्हा. थंय बगूया."

"पण सकाळी निघालो तर मी जेमतेम पोचेन!"

"मगे उशीर करू नकात. बाजारात लॉज आसा. ढेकूण आसत, पण तुमी अभ्यासाची माणसा, तुमका बरे वाटतले."

ते गेले. गाडी वळताना त्यांनी माझी अबोलीची कुंडी पाडली. तीही मी लक्षात ठेवली.

रात्री जेवताना शलाकाला शेपटीचा तुकडा वाढला आणि विचारलं, "तू देतलंस काय गो ती बाटली तेका?"

"द्यावी तर लागेल, आई. इथे कोळंबीत किती दिवस ठेवणार? तिला नवं पाणी हवं, मोजायला यंत्रं हवीत."

"तुका कणो नाय. त्या मेल्यान तुजा काम चोरल्यान, चार माणसांत तुका भांडीवाली केल्यान, आणि तू तेका विरजण देतलंस?"

"तुम्हाला काय हवंय?"

"माका तेचा नाक होया. कापलेला. थंयच, जंय आमचा कापल्यान. आणि तुका?"

तिने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मला बाटली जिवंत हवी. आणि तिच्याजवळ बसायची माझी जागा. बाकी तुमच्यावर सोडते."

बाकी माझ्यावर सोडते! म्हणजे कटकट सासूने करायची, ही नामानिराळी. मी मनात म्हटलं, उद्या बघच.

सकाळी बंदरावर पाय ठेवायला जागा नव्हती. रात्रीच्या होड्या लागल्या होत्या, बांगडा भरपूर पडला होता, टोपल्यांवर टोपल्या. बायका ओळीने बसलेल्या, शेवंती सगळ्यांत पुढे. मोहिले आले ते त्याच कपड्यांत, मान खाजवत. मासळीच्या पाण्यात बूट भिजू नयेत म्हणून टाचांवर चालत होते. हातात निळी पेटी. मागून शलाका आली, पाठीला पिशवी, खांद्यावर नात.

"आणली बाटली?" त्यांनी विचारलं.

"आधी माझ्यावांगडा येवा," मी म्हटलं आणि त्यांना मच्छीमार सोसायटीच्या शेडात घेऊन गेले.

त्या शेडात भोंगा आहे. वादळाची खबर आली की बाबी तांडेल त्यावर ओरडतो, होड्ये भायर काढू नकात म्हणून. बंदर, बाजार, अख्खी वाडी, खाडीपलीकडचं गाव, सगळीकडे ऐकू जातं.

"काकी, ह्यो भोंगो वादळाचो," बाबी म्हणाला.

"वादळच आसा. चालू कर."

बाबीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बटण दाबलं.

मी मोहिल्यांना म्हटलं, "शाळेत माइक हातात घेवन बोललात, तसाच आता बोला. हय माणसा जास्त आसत. बाटल्ये कोणी धुतल्ये आणि जीव कोणी वाढयल्यान, ता सांगा. मगे विरजण मिळतला."

त्यांचा चेहरा असा झाला जसा मासा पाण्यातून काढल्यावर होतो. तोंड उघडतं, मिटतं, आवाज नाही. घड्याळाकडे बघितलं. शलाकाकडे बघितलं. ती नातीचं टोपडं नीट करत होती.

"हा ब्लॅकमेल आहे," ते म्हणाले. भोंगा चालू होता. "हा ब्लॅकमेल आहे," खाडीपलीकडून परत आलं.

बायकांचे हात थांबले. शेवंती उठून उभी राहिली. "काय गो द्वारके, ह्यो तोच मा, शाळेतलो?"

"तोच. आयक."

मोहिल्यांनी घसा साफ केला. "नमस्कार. मी डॉक्टर श्रीनिवास मोहिले. आमच्या संशोधनात सौ. शलाका केळुसकर यांचं मोलाचं सहकार्य..."

मी माइकवर हात ठेवला. "सहकार्य नको. सहकार्य शेजारीण करता, पापड लाटूक. काम कोणाचा?"

"त्यांचं... त्यांचाही मोठा वाटा..."

"वाटो नको! वाटो मासळीचो. काम कोणाचा?"

"तिचं," ते म्हणाले.

"मोठ्यान."

"शलाकाचं! ते जीव शलाकाने आणले, शलाकाने जगवले. मी... मी नाव माझं दिलं."

"आणि बाटल्ये?"

ते आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"बाटल्ये कोणी धुतल्ये? शाळेत सांगलात मा?"

तेवढ्यात मागून माझ्या सुनेचा बारीक आवाज आला. "सर, एक बाटली धुवायला लागेल."

आम्ही सगळेच वळलो. तिने पिशवीतून एक रिकामी काचेची बाटली काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "विरजण यात ओतायचंय. आत घाण राहिली तर सगळं जाईल. तीन पाण्यानं धुवा. तो बघा नळ."

नळ म्हणजे बायकांचा. खवले, आतडी, मांजरं, सगळं तिथेच. मोहिले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडावर एक रेघ हलली नाही. "उशीर होतोय, सर," ती म्हणाली.

ते गेले. पॅन्ट वर ओढून उकिडवे बसले. एका हाताने तोल सांभाळत, दुसऱ्याने बाटली हलवत. एक पाणी. शेवंतीने टोपलीवरून मान लांब केली. "ओ साहेबानू, तळाक बोट जाता काय बघा! तळाकच घाण ऱ्हवता!" बायका फुटल्या. दोन पाणी. "राख देव काय?" तीन पाणी. "बरी धुतास हां! आमच्याकडे कामाक येतास?" मांजर येऊन त्यांच्या बुटाचा वास घेऊन गेलं. बाबी तांडेल भोंगा बंद करायला विसरला होता, त्यामुळे ते हसणं खाडीपलीकडेही गेलं.

मी कमरेवर हात ठेवून उभी होते. माघापासून छातीवर जो दगड होता तो असा उतरत गेला की सांगायची सोय नाही. रमाकांताच्या जन्माला सुद्धा इतकी निवांत नव्हते मी.

त्यांनी बाटली आणून दिली. शलाकाने ती उजेडात धरून बघितली, "छान धुतलीत," म्हणाली आणि बाजूला ठेवून दिली. मग पिशवीतून दुसरी काढली, घरून उकळून, बूच लावून, कागदात गुंडाळून आणलेली. मी किल्ली दिली. ती थंड खोलीत गेली. बाहेर आली ती काळं फडकं छातीशी धरून.

साहेबांनी हात पुढे केले.

"नाही, सर. हिला सवय नाही अनोळखी हाताची. मी येते बरोबर. मांडीवर धरून बसते. आणि दिल्लीच्या लोकांना मीच सांगते हिच्याबद्दल. तुम्ही आत्ता भोंग्यावर सांगितलंत, तेच फक्त तिथे परत सांगा."

त्यांनी बंदराकडे बघितलं. अख्खं बंदर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी गाडीचं दार उघडलं. तिच्यासाठी. तिने नात माझ्या हातात दिली, "दूध काढून ठेवलंय, आई," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने परत आली. दिल्लीवाले खूश होते. कामाच्या पुढच्या पाच वर्षांवर तिचं नाव आलं, मोहिल्यांचं खाली आलं. पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. आज त्या थंड खोलीएवढ्या मोठ्या तिच्या तीन खोल्या आहेत त्या संस्थेत, पण ते पुढलं.

त्या संध्याकाळी मी सुरमई आणली होती. तळता तळता तोंडाचा पट्टा चालू होता माझा. "बघलंस, सूड कसो घेवचो असता तो? तू नुसती गप ऱ्हवान काय होणार होता? मी होतंय म्हणान. मी दिवो लावन ठेवलंय, भोंगो लावलंय. शिक जरा माझ्याकडसून."

ती नातीला मांडीवर झोपवत होती. "आई, ते भोंग्याआधीच मेले होते."

"कोण?"

"सरांच्या बाटलीतले. मी रजेवर येतानाच."

मी झारा खाली ठेवला.

"सरांना शुद्ध हवं होतं. एकच जात, दुसरी भेसळ नको. एकट्या जातीला नाव देता येतं, नाव मोठं होतं. मी त्यांना सांगितलं, सर, हे एकटे राहत नाहीत, दुसरे काढले तर आपल्याच विषात मरतील. दोनदा सांगितलं. दोन्हीदा ते हसले." तिने नातीच्या अंगावर दुपटं ओढलं. "मग शाळेतला तो कार्यक्रम झाला. त्याच आठवड्यात त्यांनी परत सांगितलं, शुद्ध करून दे आणि भेसळ टाकून दे. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही. दिलं करून. एकदम शुद्ध. आणि भेसळ घरी घेऊन आले."

"तुका ठावक होता? मरतले म्हणान?"

"चैत्रापर्यंत, असा अंदाज होता."

तेल तडतडत होतं. सुरमई उलटायची राहिली. मला आठवलं, तुळशीपुढे तो 'सगळ्या बाटल्या' म्हणाला तेव्हा ही मुलीची पाठ थोपटत होती. लाकूड म्हटलं होतं मी हिला.

"मगे तू स्टेजवर हसलंस कित्याक? एवढा म्हणालो तो, आणि तू हसलंस."

"मला म्हणाले त्याचं काही नव्हतं, आई. बाटल्या मी धुतेच की. रोज धुते." तिने नातीची मान मांडीवर सरळ केली. "मी तुमच्याकडे बघत होते. ते मोरपिशी लुगडं. पुढल्या रांगेत. तुम्ही मान खाली घातली होतीत. लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला मान खाली घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते बघून मग मी हसले."

मी परत झारा घेतला. तुकडे उलटले. एक करपला होता थोडा, तो माझ्या ताटात घेतला. जेवायला बसलो. मी शेपटीचा तुकडा माझ्याकडे ओढला आणि मधला, जाडा, तिच्या ताटात ठेवला. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि खायला लागली. बारीक बोटांनी काटा काढायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा, पुढचा घास. इतकी वर्षं शेपटीचे तुकडे खाल्ले तिने माझ्या हातचे, सगळे काट्यांचे.

एकदाही तिच्या घशात काटा अडकला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.